पाच हजार रेणूंचं खोकं

१ मार्च १९९०. पहाटे पाच (प्रत्यक्षात सव्वाआठ)
आजपासून रोज पहाटे उठून थिसिसची तीन पानं. ३१ तारीख ही शेवटची मुदतवाढ. हुकली तर रजिस्ट्रेशन रद्द, आणि मी टिटवाळ्याला मेहुण्याच्या क्लासमध्ये नववीला सायन्स शिकवायचं. हे मंजुळाने ठरवलंय. सात वर्षं घर बायकोच्या पगारावर चाललंय, म्हणून ऐकून घेतलं.

३ मार्च
प्रोग्राम सुरू! कॉम्प्युटरमध्ये एक बंद खोकं, त्यात गॅसचे पाच हजार रेणू. एकमेकांना धडकतात, भिंतीवर आपटून परत फिरतात. कॉलेजचा पीसी सरांच्या सहीवर बाळकुमला घरी आणलाय. टेबल फॅन त्याच्याकडे वळवला. मंजुळा पुठ्ठ्याने वारा घेते. विज्ञानाला त्याग लागतो.
पानं: शून्य. मशीन चालू असताना लिहिणं बरं नव्हे.

६ मार्च
चिवड्याच्या डब्यावरून बोलणी खाल्ली. झाकण मी लावलं नाही म्हणे, चिवडा सादळला. शांतपणे समजावलं की हवेतल्या वाफेच्या रेणूंना कोणी अडवू शकत नाही. झाकणाने अडतात, म्हणाली.

९ मार्च
रेणू ४,१२०. बाकीचे गेले कुठे? मंजुळा म्हणाली, नीट बघा, कुठून तरी निसटत असतील. हसलो. तिचा विषय भूगोल.

१४ मार्च
रेणू २,३००. आंघोळ करताना उलगडा झाला. ही चूक नाहीच, शोध आहे! गॅस आपोआप नाहीसा होतो. नाव ठरलं: गोपीनाथ परिणाम. लिहून झालेली चार प्रकरणं आता कालबाह्य. रद्दीवाल्याला दिली.

२२ मार्च
रेणू ६१. मेहुण्याला पत्र टाकलं, दुसरा मास्तर बघ. भाषेत थोडा रुबाब आणला.

२९ मार्च
रेणू ०. अभूतपूर्व! उद्या माझे गाइड भोईर सर यांना दाखवणार. मंजुळाने लग्नातला शर्ट इस्त्री करून ठेवला. या खेपेला होईल ना, असं इतक्या हळू विचारलं की मी घाईघाईने हो म्हणालो.

३० मार्च
सरांनी तीन मिनिटं प्रोग्राम वाचला. मग बोटांवर खोक्याच्या भिंती मोजल्या. पुढची, मागची, डावी, उजवी, खालची. आणि विचारलं, गोपीनाथ, वरची कुठाय?
घरी येऊन मंजुळाला सांगितलं. ती हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

१३ जून. टिटवाळा
मेहुणा म्हणतो, पत्र मिळालंच नाही. भला माणूस आहे.
नववीचा पहिला तास. धडा: वायूचे गुणधर्म. फळ्यावर लिहिलं, वायू भांडं पूर्ण भरून टाकतो. पहिल्या बाकावरच्या तुळसाने हात वर केला. भांड्याला झाकण नसेल तर, सर?
उत्तर उद्या देतो म्हणालो. तयारी करायला हवी. उद्यापासून पहाटे पाच.