हातभर उघडी भिंत

तिसाबोरोश, ३ मार्च १९८७

ती. गिझेलाताईस,
धाकट्या देझ्योचा नमस्कार. वि. वि.

मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. पंधरा दिवस इस्पितळात होतो. आधी कळवलं नाही, कारण तू माँटेव्हिडिओहून पानभर रागावली असतीस.

आपल्या प्रार्थनाघराचं वाचनालय होतंय, हे मागं लिहिलं होतंच. तीस वर्षं तिथं फर्निचरचं गोदाम होतं. त्यापेक्षा पुस्तकं बरी. काल पट्टी सुटली आणि पहिल्यांदा तिथंच गेलो. दारासमोर बाबांनी गिलावा न करता सोडलेला चौकोन आता नाही.

यरुशलेमचं मंदिर पडलं, त्या दुःखात आपण ज्यू लोक हातभर भिंत उघडी ठेवतो, हे इथं माझ्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? मिश्का गवंड्याला मी एवढंच म्हटलं होतं की गिलावा माझ्या वडिलांच्या हातचा आहे, जपून. पुढचं सांगायचा संकोच वाटला. आपण कोण, ते न सांगण्याची चाळीस वर्षांची सवय. काल त्यानं कौतुकानं दाखवलं. माझ्या वडिलांचं काम अर्धवट राहिलं होतं, लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून सुट्टीच्या दिवशी येऊन त्यानं ते पुरं केलं. मी त्याचे आभार मानले.

बाबांची कबर नाही. फोटो नाही. तो चौकोन होता.

लोभ आहेच, थोडा रागही येऊ दे.
देझ्यो


माँटेव्हिडिओ, २६ मार्च १९८७

चि. देझ्योस,
अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन लपवलंस, त्यावर वेगळं पत्र लिहीन. पण आभार मानलेस? गाढवा, उद्याच जा, त्याला सगळं सांग आणि त्याच्याकडूनच ते खरवडून घे.

चौकोन किती मोठा होता, असं तो विचारेल. तू चार वर्षांचा होतास. मी बाबांचा डबा घेऊन गेले होते. त्यांनी ओल्या चुन्यावर हात आडवा ठेवला, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत, आणि खिळ्यानं रेघ ओढली. मग हात उभा धरला. मी हसले, तर म्हणाले की काम न केल्याबद्दल शाबासकी आयुष्यात पहिल्यांदाच मिळणार आहे.

आई म्हणायची, माझे हात बाबांचे, तुझे तिच्या माहेरचे. म्हणून माझ्या हाताच्या मापाचा दोरा पाठवते. नातीनं मोजला. मला हलू दिलं नाही.

डोळ्याला जप.
तुझी ताई


तिसाबोरोश, १९ एप्रिल १९८७

ती. ताईस,
नमस्कार. वि. वि.

मिश्काला सांगितलं. तो पायाडावर बसून ऐकत होता. मग त्यानं टोपी काढली. आपल्याकडे टोपी घालूनच ऐकतात, हेही सांगावं लागलं. बाबा कुठं गेले, असं त्यानं विचारलं. जून चव्वेचाळीस, आधी वीटभट्टीचं आवार, मग आगगाडी. मग त्यानं बाबांचं नाव विचारलं. इथं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

तुझा दोरा भिंतीला लावून त्यानं छिन्नी चालवली. सिमेंट सुटत गेलं. दोरा संपला तिथं जुन्या चुन्याची कड लागेना. मी नको म्हणत होतो, तो आणखी सोलत गेला. दोन बोटं पुढं कड लागली, सरळ, खिळ्यानं ओढलेली. उभ्या बाजूलाही दोनच बोटं.

ताई, बाबांचा हात तुझ्या हाताहून दोन बोटं लांब होता. त्यांच्याबद्दल नवं काही कळायचं राहिलं असेल, असं वाटलं नव्हतं.

दोरा परत मागू नकोस.
तुझा,
देझ्यो