डर्मटचा अकरा नंबर

९ सप्टेंबर
वाजवायची परवानगी मिळाली! घरमालकीण नोरीनबाई म्हणाल्या, "ग्रँड, ग्रँड. वाजव की. फक्त बंद करू नकोस, डर्मट कधी करायचा नाही." डर्मट म्हणजे त्यांचे मिस्टर, दोन वर्षांपूर्वी गेले. आयर्लंडमध्ये, लिमरिकमधली माझी ही माडीवरची खोली डर्मटचीच. सिंथेसायझरही. चाळीस वर्षांचं यंत्र — गारठ्यात पडद्यावर अक्षरं उमटत नाहीत, गरम पाण्याच्या पिशवीने शेकावं लागतं. एक काळी पट्टी मनात आलं तरच बोलते.
पण त्यात साठवलेल्या आवाजांतला अकरा नंबर! पाण्याखाली घंटा वाजतेय, आणि मध्येच कुणी श्वास घेतंय.

१८ सप्टेंबर
मी कंपनीतून आले की नोरीनबाई चहा घेऊन वर येतात. मी अकरा नंबर लावते, एकच सूर धरून ठेवते. बाहेर शॅनन नदीवर धुकं. आवाज तिथूनच येतोय असं वाटतं. चहा संपेपर्यंत त्या ऐकत बसतात. डर्मटनी हा स्वतः घडवलेला असणार. यंत्राचा तो लाल दिवा — नंदादीपच.

२३ सप्टेंबर
माणूस जातो, त्याचा सूर राहतो. कुणाला म्हटलं तर हसतील. इथे लिहायला काय हरकत आहे.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. पप्पांचा व्हिडिओ कॉल. इचलकरंजीत वरातींमध्ये बेंजो वाजवतात; आज बेंजो पाटावर, हार घालून. "तुझ्या पेटीला बी एक दिस झोपू दे की. किती राबवशील?"
हळदकुंकू वाहिलं. फूल ठेवलं. बटण बंद केलं. इतक्या वर्षांत कुणी त्याला विसावाच दिला नव्हता. खोली फार शांत वाटली.

२ ऑक्टोबर
अकरा नंबर नाही. नुसती खरखर.

३ ऑक्टोबर
कंपनीतला मुकुल म्हणाला, "आतला सेल केव्हाच मेलाय. वीज गेली की ते सगळं विसरतं. पूजा कसली करतेस, इंजिनिअरबाई?"
घरातली पहिली इंजिनिअर मी. नोरीनबाईंना सांगितलंय, डोकं दुखतंय.

६ ऑक्टोबर
रोज तोच आवाज पुन्हा घडवायला बसतेय. घंटा जमते, श्वास जमत नाही. एखाद्या दिवशी जमेलही — पण मग माझा आवाज मी डर्मटचा म्हणून ऐकवणार? त्यांना?
नाही. उद्या सांगायचं.

७ ऑक्टोबर
सांगितलं. नोरीनबाई हातात कप घेऊन उभ्याच राहिल्या. मग पलंगावर बसल्या.
"डर्मटचे आवाज जानेवारीच्या वादळातच गेले, पोरी. आठवडाभर वीज नव्हती. तू ऐकत होतीस ती वीज परत आल्यावर उरलेली खरखर. नशिबाने गोड निघाली."
"मग तुम्ही रोज काय ऐकायला यायचात?"
"वर कुणीतरी आहे, हे."