काळ्या वाडग्याचा शेवटचा थर

४ नोव्हें., मंगळ
पक्षाघातानंतर हानाए-सान आज पहिल्यांदा बोलल्या. हळू, अडखळत, पण जर्मनमध्येच. उजवा हात मात्र उचलला जात नाही. डॉक्टरीण म्हणाली, थोडी हालचाल परत येईल. ब्रश धरता येईल का, ते आत्ताच सांगता येत नाही. ज्या हाताकडे बघत मी इथे जर्मनीत, आखनमध्ये जपानी लाखकाम शिकले, तो चादरीवर नुसता पडलेला. त्याला हात लावायचा धीर झाला नाही.

७ नोव्हें., शुक्र
ब्रसेल्सच्या गॅलरीवाल्याचा फोन. प्रदर्शनात मधोमध हानाए-सानचा काळा वाडगा ठेवायचाय, लांबलांबून लोक येतायत. आजारपण सांगितलं. वाईट वाटलं त्याला, खरंच वाटलं. मग विचारलं, वाडगा पूर्ण आहे ना? म्हटलं, लाखेचा शेवटचा थर राहिलाय. तर म्हणे, तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी, तुम्हीच द्या. तळाला नाव कुणाचं, विचारलं. "त्यांचंच. लोक त्या नावासाठीच येतात."
नवऱ्याचं, समीरचं मत, दे की. त्याच्या कंपनीत तरी अख्खी गाडी कोण एकटा बनवतो? बरोबर आहे. तरी...

८ नोव्हें., शनि
हानाए-सानना सगळं सांगितलं. थर तू दे, म्हणाल्या. नावाचंही विचारलं. मग म्हणाल्या, त्यांच्या गुरूंचे हात थरथरायला लागल्यावर भांडी हानाए-सानच करायच्या, नाव मात्र गुरूंचं.
वाईट वाटायचं का?
"तेव्हा नाही. नंतर स्वतःचं नाव लिहायला बसले, तर हात वळेना."
 परतताना बस अख्खं आखन फिरून घरी आली असं वाटलं.

१२ नोव्हें., बुध
रजा घेतली. केस ओले करून बांधले, खिडक्या बंद. धुळीचा एक कण बसला तरी थर वाया. लेक इरा दाराबाहेरूनच जर्मनमध्ये विचारत होती, जेवायला काय.
थर दिला. वाडगा दमट पेटीत. ही जपानी लाख ओलाव्यातच वाळते, हे समीरला अजून पटत नाही. मनगटावर पुन्हा लाखेचं पुरळ.

१५ नोव्हें., शनि
हानाए-सान आता रेहात, म्हणजे पुनर्वसन केंद्रात; वाडगा तिथे नेला. हानाए-साननी डाव्या हाताचं बोट कडेवरून फिरवलं. एका जागी थांबल्या.
"ही कड माझी नाही."
चुकली का, विचारलं. मान हलवली, नाही. मग म्हणाल्या, "तुझं नाव लिही."
गॅलरी घेणार नाही, म्हटलं.
"कदाचित नाही घेणार."

१६ नोव्हें., रवि
लिहिलं. तळाला लाल लाखेत, देवनागरीत. अनघा. 'घ' जरा वाकडा.

२१ नोव्हें., शुक्र
गॅलरीवाला रेहात आला. वाडगा दोन्ही हातांत घेऊन उजेडाकडे धरला, चेहरा अगदी मऊ झाला. मग उलटा केला. हे काय लिहिलंय, विचारलं. हानाए-साननी डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवलं. त्याने वाडगा जपून टेबलावर ठेवला. सहकाऱ्यांशी बोलून कळवतो म्हणाला.

२५ नोव्हें., मंगळ
गॅलरीवाल्याने अजून काही कळवलं नाही.  दुपारी हानाए-साननी डाव्या हाताने चहाचा कप उचलला. थोडा सांडला. मी पुसायला उठले तर म्हणाल्या, राहू दे. आणि परत उचलला.