धबधब्याच्या दगडावरची राख

लिंबायत, सोमवार, दिवेलागण

राख वाहिलीच नाही. सातपुड्यातल्या आमच्या गावच्या धबधब्यात माझ्या म्हाताऱ्याची राख सोडायला पोरगा गेला, तर तिथं थेंब नाही. सगळं पाणी वरूनच पाईपात घालून खाली विजेच्या मशीनवर नेलंय. पोरानं बापाला कोरड्या दगडावर ओतलं अन् फोटो पाठवला. राखेशेजारी शेळी उभी. जन्मभर एका जागी टिकला नाही म्हातारा, आता बसला.

पाणी द्यायच्या कागदावर गावातर्फे सही केली धाकट्या दिरानं. फोनवर म्हणतो, "वहिनी, पण लाईट आली ना!" आली. त्या उजेडात भावाची राख दिसते का? घडीभर मशीन बंद करवा म्हटलं, तर हसला.

उद्या फोन मीच लावणार. पोरानं, सुनेनं मध्ये बोलायचं नाही. राख कधी वाहणार, याचं उत्तर दिरानंच द्यायचं, त्या दगडावर उभं राहून.