ढोल भिंतीपलीकडे द्यावा

मी, ओक्पोती सोवाह, वय चौऱ्याहत्तर, राहणार तेशी, समुद्राकडची आळी, धंदा होड्या बांधण्याचा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. दडपण आणायला घरात कोणी उरलेलंच नाही.

१. घर माझी मुलगी देदेई हिला. ती हॅम्बर्गला असते. विकलं तरी हरकत नाही.

२. करवती, तासण्या होडीवाल्या अफोतेईला. रंधा त्यानं चार वर्षांपूर्वी मागून नेला, तो त्याच्याकडेच आहे.

३. ढोलाविषयी. हा मी लग्नाला, मयताला कधी वाजवला नाही. रोज सकाळी अंगणात बसून एकच ठेका, मन गप्प होईपर्यंत. शेजारी विचारत, "काय रे, कोण गेलं?" माझी बायको कोर्कोई सांगे, "कोणी नाही. आमचे हे स्वतःला शोधतायत. सापडले की जेवायला येतील."

पेरणीनंतर देवांना शांतता हवी म्हणून गावात महिनाभर ढोलाला बंदी असते. त्या महिन्यात मयतही पुरता येत नाही. कोर्कोई नेमकी तेव्हाच गेली. ती शवागारात थांबलेली, मी घरात. तिसऱ्या दिवशी मला राहवेना, मी वाजवला. चूक माझीच. भिंतीपलीकडे राहणारा धाकटा भाऊ बोर्केतेई यानं पुजाऱ्यांना सांगितलं. ढोल जप्त झाला, मेंढा देऊन सोडवला. वर हा दारात येऊन म्हणतो, "दादा, तुझ्या दुःखापायी देवांनी कान झाकायचे का?" त्याला अकरा वर्षं झाली. मी त्याच्याशी बोललेलो नाही.

यंदाच्या बंदीतही मी नेहमीच्या वेळी ढोलाशेजारी नुसता बसतो. परवा भिंतीपलीकडून बोर्केतेईची बायको ओरडली, "अहो, आज काही वाजणार नाही! खिडकी लावा, माश्या येतायत."

तो म्हणाला, "असू दे उघडी. तो बसलाय."

मला रडू आलं. तरी हाक मारली नाही.

४. सबब ढोल आणि मी बसतो ते स्टूल बोर्केतेईला. त्यानं वाजवलंच पाहिजे असं नाही. मी बंदीत गेलो, तर मला पुरेपर्यंत रोज सकाळी त्यानं माझ्या जागी हात मांडीवर ठेवून बसावं. मला शवागारात फार एकटं वाटेल.

५. ज्याला वस्तू मिळते त्यानं साक्ष द्यायची नसते, म्हणून त्याची सही इथे नाही. हे त्याला मी गेल्यावरच कळेल. साक्षीदार मास्तर म्हणाले, "अरे, भिंत कमरेइतकी आहे. आत्ताच हाक मार की!"

उद्या मारतो म्हटलं. कालही हेच म्हणालो होतो.

तेशी, बंदीचा सत्ताविसावा दिवस
सही: ओक्पोती सोवाह
साक्षीदार: १. आजेतेई लारबी, निवृत्त मास्तर
२. नाआ अमेर्ली, मासळीवाली (अंगठा)