दवाखान्याचा उपास

४ जानेवारी
लग्नानंतरची एक दुपार आठवली. मी कॉन्व्हेंटची, ताटाशी चमचा शोधत बसलेली! विमलताई — माझ्या मोठ्या नणंद — खो-खो हसल्या. "बोटं भाजतात काय वं तुही?" मग हात धरून एका हाताने भाकर मोडायला शिकवली.

आता त्याच मला पाणी मोजून देतात. मूत्रपिंडं थकलीत. दिवसाला एक तांब्या. खिडकीतून आर्णीची जीप जाताना दिसते. मी इथेच.

९ जानेवारी
नागपूरला रक्त देऊन आलो. नव्या औषधाचा अभ्यास. डॉक्टर म्हणाले, शरीराचं काम चालताना रक्तात शेकडो बारीक पदार्थ तयार होतात, ते सगळे यंत्र एकदम मोजतं. मेटाबोलोमिक्स. ज्यांच्या रक्तातली खूण जुळेल त्यांनाच औषध लागू पडेल असा अंदाज, म्हणून त्यांनाच देणार. जुळलं तर डायलिसिस लांबणीवर पडेल. देवा, जुळू दे!

तिथला फोन काल ताईंनीच घेतला होता. "उपास करून या म्हणते वं ते पोरगी." कोणता उपास? "दवाखान्यातल्या देवाचा असन!" पहाटे उठून भगर, दाण्याची आमटी. समोर उभ्या. "एवढ्या दूर रिकाम्या पोटी कायले जातं?" खाल्लं.

सुई घेऊन आलेल्या मुलीने विचारलं, "उपाशी आहात ना?" मी म्हटलं, "हो, उपास आहे."

२ फेब्रुवारी
ताई शेजारी सांगत होत्या — "माह्या भगरीनं ताकद आली, म्हणून एवढं रक्त देलं तिनं!"

११ फेब्रुवारी
सून अर्पिता घेऊन गेली. ताई गुडघ्यांमुळे घरी.

"जुळलं नाही, मावशी," डॉक्टर म्हणाले. "त्या सकाळी काही खाल्लं होतं?"
"उपासाचंच."
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "उपाशी सांगितलं होतं. उपास नाही."

जेवणाने रक्तातली मूळची खूण झाकली जाते म्हणे. अर्पिता म्हणाली, पुन्हा घ्या ना रक्त! पण सगळ्यांचे नमुने एकदमच तपासले, गट भरला. उपाशी असते तर जुळलं असतं? "सांगता येत नाही."

'फास्टिंग' म्हटलं असतं तर लगेच कळलं असतं मला!

परतताना कळंब गेल्यावर अर्पिता — "विमल आत्याबाईंना काय सांगायचं?"

१२ फेब्रुवारी
काल ताई दारातच. "जुळलं काय वं?"
"जुळलं," मी म्हटलं.
देवापुढे साखर ठेवली त्यांनी. रडल्यासुद्धा.

२० फेब्रुवारी
"औषध काहून नाही आलं?" शेवटी माझ्या जुन्या लोहाच्या गोळ्या नव्या डबीत भरून दाखवल्या. आता रोज स्वतः हातावर ठेवतात, गिळेपर्यंत हलत नाहीत. "चेहऱ्यावर तेज आलं पाह्य तुह्या!" पायांची सूज वाढलीय. लुगड्याखाली लपवते. ओरडून सांगावंसं वाटतं. कुणाला?

३ मार्च
डायलिसिस सुरू करा म्हणाले. ताईंना कळेल, औषध नव्हतंच, आणि का नव्हतं तेही. नको म्हटलं. अर्पिता बोलत नाही माझ्याशी.

१९ एप्रिल
अर्पिता, माझ्यामागे पाटल्या तुला. शिलाई मशीन शेजारच्या रंजिताला. पुस्तकं शाळेला. ताईंना माझी लोकरीची शाल, आणि एवढंच वाक्य — औषध लागू पडलं होतं, त्यानेच इतके दिवस मिळाले.