वैशाली टूसॉनला कुणाकडे जेवते

१ मार्च ९२, रविवार
फोनवर साधा प्रश्न विचारला, काय जेवलीस. तर पोरीला सरळ उत्तर देता येत नाही. "इथलंच काहीतरी." इथलंच म्हणजे काय? वाळवंटात इथलं काय असतं, वाळू? नोकरीला अमेरिकेत गेली ती गेली, तेसुद्धा टूसॉन का कुठल्या गावात, जिथे पाऊस नाही, पान नाही. जाताना मेतकूट दिलं, गोडा मसाला दिला, छोटा कुकर दिला. कुकर कसा चाललाय विचारलं. म्हणते, "आई, तो अजून बॉक्समध्येच आहे. मी आता लोकल लोकांसारखी खाते." इंग्लंडात, स्लाऊमध्ये जन्मली, इथे कधी लोकल लोकांसारखी खाल्ली नाही, शाळेतून आली की आमटीभात. तिकडे गेल्या गेल्या लोकल!
पिच्छा सोडला नाही तेव्हा कुठे बोलली. कामावर रूबेन म्हणून कोणी आहे, त्याची आई लूपे. ती म्हणे गव्हाची रोटी करते. दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत नेते, आरपार दिसेल इतकी पातळ.
अगं, मग ते मांडे झाले. माझी आई पालथ्या खापरावर करायची. अमेरिकेत मांडे कोण करतं?
हे पेपरमधून डोकं न काढता, "पोटभर जेवते ना? मग झालं."
झालं कसं.

४ मार्च, बुधवार
फॅक्टरीत टी-ब्रेकला रिबेकाबाईंना सांगितलं. विमानाच्या जेवणाच्या ट्रेवर मी भात टाकते, त्या झाकण लावतात, इतकी वर्षं शेजारी शेजारी. मुंबईच्या ज्यू, पण मराठी माझ्याहून चांगलं. म्हणाल्या, "मांडे करणारी बाई तुझ्या पोरीला वाढते आणि तू तोंड पाडून बसतेस? मला पाठव तिकडे. माझ्या सुना टोस्टपण जाळतात."
हसू आलं. पण डोक्यातून जाईना. का वाढते?

८ मार्च, रविवार
फोन. आज निवडुंग खाल्ला म्हणे. निवडुंग! काटे काढून, उभा चिरून, कांद्यावर परततात. "भेंडीसारखा लागतो, आई." आमच्याकडे कुंपणाला लावायचा. पोरं लाल बोंडं खायची, तोंड लाल झालं की मार खायची. भाजी कुणी केली नाही.
वर म्हणते त्यांचा उपास चालू आहे, ईस्टरपर्यंत. शुक्रवारी मटण नाही, म्हणून मटण न खाणाऱ्या हिची चंगळ. उपासाला काय खाल्लं? पाव. गुळाच्या पाकात भिजवलेला, वर चीज. पाव खाऊन उपास मोडतो का राहतो? माझी तर मतीच गुंग.
मी म्हटलं चांगलं हॉटेल बघ एखादं. तर हसली. "आई, हॉटेलात टूरिस्ट जातात. इथलं चांगलं जेवण घरांत असतं. मागच्या आठवड्यात रूबेनच्या थोरल्या मावशीकडे, आज धाकटीकडे, पुढच्या रविवारी लूपेच्या मानलेल्या बहिणीकडे." रस्त्यात गाडीवर बर्फाचा गोळा, त्यावर आंबा आणि तिखट. मार्चमध्ये बर्फ! इथे सकाळी दाराबाहेरची दुधाची बाटली गोठलेली.
निघताना सगळ्या काहीबाही हातात देतात. एकीने भरतकामाचा रुमाल, एकीने ब्लाऊज.
फोन ठेवल्यावर रूपा, आमची धाकटी, म्हणाली, "माझा ताई मजा करतो." सतरा वर्षांची घोडी, अजून ताई तो का ती कळत नाही.

१० मार्च, मंगळवार
कणीक मळताना एकदम लक्षात आलं. हात तसेच पिठात.
केळवण!
एका घरी नाही, ओळीने सगळ्या नातेवाइकांकडे. गोडधोड. निघताना हातात कपडा. दुसरं काय असतं ते? माझ्या लग्नाआधी गावात असंच, चुलत्याकडे, मामाकडे, सोनाराकडे, शेवटी शेवटी पुरणपोळी बघून ओकारी यायची.
ह्यांना सांगितलं. "जेवायला बोलावलं तर बोलावलं. तुला जिथेतिथे लग्न दिसतं." म्हटलं, आपण ह्या देशात आलो तेव्हा कोणी बोलावलं होतं का उगाच? पहिला हिवाळा मी खिडकीत बसून काढला. रिबेकाबाई भेटल्या तेव्हा कुठे दुसऱ्याच्या हातचं खाल्लं. उगाच कोणी कोणाला वाढत नाही.
ह्यांनी परत पेपर उघडला. आणि मला कळेना मी भांडतेय कशासाठी. तिला वाढतात म्हणून?

११ मार्च, बुधवार
मनाला पटेना. पोरगी एवढ्या घरी जेवली, भांडी काय रिकामी परत करायची? खरं काय असेल ते असो, रीत आहे. कपाटातला हिरवा खण काढला, सुपारी, हळदकुंकवाची पुडी, वैशालीच्या नावाने पार्सल केलं. लूपेला दे म्हणून चिठ्ठी. पोस्टातली बाई विचारते आत काय. ब्लाऊजपीस म्हटलं. सुपारीचं कसं सांगू तिला.

१४ मार्च, शनिवार
बेसिंगस्टोकहून काळेबाईंचा फोन. कॉम्प्युटरवाला अनिल, त्याची आई. गोड बोलून बोलून कान भरले. "वैशाली मे महिन्यात येतेय ना परत? मग बघायला कधी येऊ? आमचा अनिल दुसरं काही बघायला तयारच नाही हो." येऊ दे म्हटलं. येणार का नाही ते मला तरी कुठे माहीत? मुलगा चांगला आहे. तासाभरावर राहतो. लग्नानंतर रविवारी जेवायला येतील दोघं. मला हेच हवं होतं ना?

१५ मार्च, रविवार
आज सरळच विचारलं. "वैशाली, तुझं केळवण चाललंय का?"
"केळवण म्हणजे?"
कपाळ माझं. पण चूक तिची कुठे, इथे बघितलंय कधी तिने? नातेवाईक नाहीत तर केळवण कोण करणार. समजावून सांगितलं. मग हसली, पण खोटी.
"नाही गं आई. नवीन माणसाला हे लोक असंच सगळीकडे नेतात. दाखवतात."
"सगळ्या नव्या माणसांना ब्लाऊज देतात?"
तर म्हणे, आज इथे ऊन फार आहे.
"रूबेन कुठे बसतो जेवताना?"
"अं... माझ्या बाजूला. जागा असते तिथे."
जागा असते तिथे! वरपक्षाच्या केळवणाला मुलगा शेजारी बसतो, हे मी काय हिला शिकवायचं? काळेबाईंचं सांगायचं होतं, राहूनच गेलं. तीच उलट विचारत बसली, तुझं केळवण कसं झालं, काय केलं होतं, तू घाबरली होतीस का. हे कधी विचारलं नव्हतं तिने. मी पण सांगत बसले, मूर्खासारखी.

१९ मार्च, गुरुवार
रिबेकाबाई म्हणाल्या, "तुला राग कशाचा, तो रूबेन आहे म्हणून का तू तिथे नाहीस म्हणून?" म्हटलं भात सांडला तुमच्यामुळे. नव्हता सांडला.

२२ मार्च, रविवार
पार्सल पोचलं. आणि घोटाळा झाला.
लूपेने खण बघितला, रडली म्हणे. सगळ्या मावश्यांना फोन करून बोलावलं. सुपारी कशी खायची कळेना, म्हणून ती त्यांच्या देवीपुढे ठेवली, कुंकवाची पुडी पण तिथेच. आणि आता सगळ्या म्हणतात, मुलीच्या आईकडून कापड आलं.
"म्हणजे काय, वैशाली?"
"तू का पाठवलंस, आई?" चिडली होती. का घाबरली होती. "तू हो म्हटलंस असं वाटतंय त्यांना."
"कशाला हो?"
म्हणते, ते तुला कळतंय.
अगं, मी रिकामं भांडं परत करत नाही म्हणून पाठवलं. मी कशाला हो म्हणू, मला कोणी विचारलंय का काही! आमच्याकडे रीत म्हणून केलं, त्यांच्याकडे त्याचा अर्थ लागला. आणि मी केळवण म्हटलं तेव्हा ही हसली होती. कोणाला कोणाचं बरोबर कळलंय?
मग लूपेच फोनवर आली. बाई मोठ्यांदा बोलते, माझ्यासारखी. मला एक अक्षर कळलं नाही. मध्ये मध्ये "कम, ईट" एवढं इंग्लिश. मी यस यस म्हटलं. आता ह्या यसचं तिकडे काय झालं असेल देव जाणे.

२४ मार्च, मंगळवार
हे रात्री जेवताना, "मुलगा कसा आहे?" एवढंच. म्हणजे ह्यांना पण वाटतंय.
माहीत नाही कसा आहे. त्याच्या आईची रोटी आरपार दिसते, एवढंच माहीत आहे.

२८ मार्च, शनिवार
काळेबाई पुन्हा. आता गोड नाही. "हो का नाही ते एकदा सांगा, आम्हाला दुसरीकडे बघता येईल." बरोबर आहे त्यांचं. आठ दिवसांत कळवते म्हटलं.

२९ मार्च, रविवार
वैशालीला काळ्यांचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "इथे दोन वर्षं आणखी राहा म्हणतायत कामावर."
"कामावर का घरी?"
"आई, प्लीज."
"प्लीज नको. हे बघ, मी शिकलेली नाही, मला फिरवून बोललेलं कळत नाही. तू त्या घरात पाहुणी म्हणून जेवतेस का घरची म्हणून? एवढंच सांग."
"मला पण कळत नाही गं." रडवेली. "वाढतात तेव्हा बरं वाटतं. बाकी विचार केला नाही."
पण नरम पडले नाही. म्हटलं, "मग कर. पुढच्या रविवारी, पाच एप्रिलला, तू मला सांगायचंस. पाहुणी म्हणालीस तर मी काळेबाईंना बोलावते. घरची म्हणालीस तर त्या लूपेला फोनवर घे आणि ह्या वेळी तू मध्ये बसून नीट सांग, ती काय म्हणते आणि मी काय म्हणते. पण पाच तारखेला उत्तर पाहिजे. सोमवारी नाही."